चिठ्ठी नसलेले स्टंप

गेल्या वर्षी बाबा नोकरीतून निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळणार हे ठरलेलंच असतं. मला त्याहून वेगळं काही द्यायचं होतं. नोव्हेंबर २००८मध्ये, मी सहावीत असताना, बाबांनी मला जामठ्याला कसोटी सामना बघायला नेलं होतं. विदर्भ क्रिकेट संघटनेच्या नव्या मैदानावरची ती पहिलीच कसोटी. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतली शेवटची, आणि सौरव गांगुलीच्या कारकिर्दीतलीही शेवटची. आम्ही गेलो तो चौथा दिवस, रविवार. पहिल्या डावात ८५ धावा केलेला गांगुली दुसऱ्या डावात आला आणि पहिल्याच चेंडूवर जेसन क्रेझाच्या हातात झेल देऊन परत गेला. बाबा तेव्हा समोसे आणायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "गांगुली कुठाय?" त्या दिवसाचं मला सगळ्यात पक्कं आठवतं ते एवढंच.

तर त्या कसोटीतला एक स्टंप मी एका विक्रेत्याकडून २२,००० रुपयांना विकत घेतला. सोबत सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र होतं, चमकणारा होलोग्राम होता, अनुक्रमांक होता आणि वाचता न येणारी सही होती. बाबांनी स्टंप हातात घेतला, टोकाला चिकटलेल्या मातीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "जामठ्याचीच दिसते रे."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एखादी गोष्ट चालते असं सगळे म्हणू लागले की ती एकदा तपासून पाहायची, ही आमची सवय. खरं तर ती पैसे देण्याआधी आठवायला हवी होती. रात्री लॅपटॉप उघडला आणि त्या सामन्याची मिळतील तेवढी छायाचित्रं मोठी करून पाहू लागलो. तीन रात्री गेल्या. स्टंपवरच्या जाहिरातीच्या स्टिकरची वरची कड बेलच्या खाचेपासून किती खाली आहे, अक्षरं कुठे सुरू होतात, लाकडाच्या रेषा कशा जातात, हे मोजत बसलो. दोन टोकांचे मिळून सहा स्टंप. त्यातले चार मला नीट दिसले. माझा स्टंप त्या चारांपैकी एकही नाही. उरलेल्या दोनांपैकी असू शकतो. पाच दिवसांत स्टंप बदलले गेले असतील, तर आणखीही काही असू शकतो. म्हणजे माझा स्टंप खोटा आहे हे सिद्ध झालं नाही, आणि तो खरा आहे हे सिद्ध करायची वाटही सापडली नाही.

विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, सर्टिफिकेट आहे ना?"

*

हा लेख त्या सर्टिफिकेटबद्दल आहे. आपण साहित्याची समीक्षा करतो, चित्रपटांची करतो. या सोनेरी कागदाचीही करायला हरकत नाही, कारण खेळाच्या वस्तूंच्या बाजारात किंमत ठरते ती बरीचशी त्याच्यावर.

माझ्याकडचं प्रमाणपत्र इंग्रजीत आहे. मराठीत आणलं तर साधारण असं होईल : ‘प्रमाणित करण्यात येते की, सदर वस्तू उपरोक्त सामन्यात प्रत्यक्ष वापरण्यात आली आहे.’ शाळेत प्रयोग शिकवताना आमच्या बाई विचारायच्या, "या वाक्यात कर्ता शोधा." इथे शोधा. प्रमाणित कोण करतंय? वापरली कोणी? वापरताना पाहिली कोणी? मैदानातून उचलली कोणी, आणि त्यानंतर ती कोणाकोणाच्या कपाटात राहिली? वाक्य एवढं ठाम आहे, पण त्यात माणूस एकही नाही. वस्तूबद्दल ज्याला काही माहीत आहे असा माणूस नसला, की त्याची जागा होलोग्राम घेतो. होलोग्राम फक्त एवढंच सांगतो की हे प्रमाणपत्र मूळ प्रमाणपत्र आहे. स्टंपबद्दल तो काहीच सांगत नाही.

‘अस्सल’ या एका शब्दाखाली तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. पहिला : ही वस्तू त्या प्रकारची, त्या काळातली आहे का? दुसरा : ती मैदानात वापरली गेली का, की खेळाडूसाठी तयार करून किटबॅगेतच राहिली? तिसरा : ती त्याच सामन्यात, त्याच क्षणी तिथे होती का? पहिल्याचं उत्तर जाणकार देऊ शकतो. दुसऱ्याचं उत्तर घासल्याच्या खुणा थोडंफार देतात, जरी त्या घरीही करता येतात. पैसे मात्र आपण तिसऱ्यासाठी मोजतो, आणि तिसऱ्याचं उत्तर वस्तूच्या अंगावर लिहिलेलं नसतं. ते असतं कोणाच्या तरी डोळ्यांत, किंवा कॅमेऱ्यात.

तिसऱ्या प्रश्नावरून सगळ्यात गाजलेलं भांडण झालं ते मॅराडोनाच्या निळ्या जर्सीवरून. २२ जून १९८६, मेक्सिको सिटी, इंग्लंडविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना. ‘देवाचा हात’वाला गोल आणि शतकातला सर्वोत्तम म्हटला गेलेला गोल, दोन्ही दुसऱ्या अर्धात, चार मिनिटांच्या अंतराने. सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने मॅराडोनाशी जर्सी बदलून घेतली. २०२२मध्ये हॉजने ती लिलावात काढली, तेव्हा मॅराडोनाच्या मुलीने सांगितलं की ही जर्सी पहिल्या अर्धातली आहे, गोलांच्या वेळची नव्हे. एकच खेळाडू, एकच सामना, एकच दिवस. वाद फक्त मध्यंतराच्या अलीकडचा की पलीकडचा, एवढाच. त्याचं उत्तर दिलं ते त्या जर्सीतल्या गबाळेपणाने. अर्जेंटिनाच्या संघाने ते निळे शर्ट ऐनवेळी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून आणले होते, त्यांवर बिल्ले घाईघाईत शिवले होते, चंदेरी आकडे इस्त्रीने चिकटवले होते. त्यामुळे दोन शर्ट हुबेहूब सारखे असणं शक्यच नव्हतं. लिलावगृहाने छायाचित्रांशी पडताळा करून घेतला आणि जर्सी ७१ लाख पौंडांहून जास्त किमतीला गेली. कारखान्यातून नीटनेटके आलेले शर्ट असते, तर हा पडताळा किती अवघड झाला असता याची कल्पना मला माझ्या तीन रात्रींनंतर चांगलीच आली आहे.

*

मग खेळाडूनेच स्वतःच्या हाताने वस्तू दिली, की प्रश्न मिटला? पुण्यातलं ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट संग्रहालय याच पायावर उभं आहे. महाराष्ट्राकडून वयोगटातलं क्रिकेट खेळलेले रोहन पाटे यांनी खेळाडूंना गाठून बॅट, जर्सी, हातमोजे जमवले आणि २०१२मध्ये सचिन तेंडुलकरच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. हातातून हातात, मध्ये कोणी नाही. बाजारात फिरून आलेल्या वस्तूपेक्षा हा मार्ग निश्चितच बरा. पण या मार्गावरही भरवसा एका माणसाच्या शब्दावर आणि आठवणीवर असतो. ‘ही बॅट त्या डावातली’ असं खेळाडू सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण एका मोसमात सात-आठ बॅटी वापरणाऱ्या माणसाला पंधरा वर्षांनी सगळं आठवतच असेल असंही नाही.

आणि कधी कधी शब्दही वादात सापडतो. अमेरिकेत २०१४मध्ये काही संग्राहकांनी फुटबॉलपटू एली मॅनिंग, त्याचा संघ न्यूयॉर्क जायंट्स आणि त्याच्या वस्तू विकणारी कंपनी यांच्यावर दावा लावला : सामन्यात वापरलेले म्हणून विकलेले हेल्मेट तसे नाहीत. पुराव्यात मॅनिंगचा २०१०चा एक ईमेल आला. त्यात त्याने संघाच्या साहित्य सांभाळणाऱ्या माणसाकडे ‘सामन्यातले म्हणून खपतील’ अशी दोन हेल्मेटं मागितली होती, असं फिर्यादींचं म्हणणं. मॅनिंगने गैरप्रकार नाकारला, त्या ओळीचा अर्थ वेगळा असल्याचं सांगितलं, आणि मे २०१८मध्ये खटला उभा राहण्याआधीच तडजोड झाली. तेव्हा न्यायालयाने कोणाला दोषी ठरवलं नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पण त्या खटल्याने एक गोष्ट उघडी केली. खेळाडू, संघ, अधिकृत विक्रेता, होलोग्राम असा सगळा साखळदंड अखंड असला, तरी पहिल्या कडीवर प्रश्न उभा राहिला की पुढच्या सगळ्या कड्या त्याच प्रश्नाला लोंबकळत राहतात.

माझ्या क्षेत्रातल्या लोकांना याचं औषध म्हणून ब्लॉकचेन आठवते. चार-पाच वर्षांपूर्वी क्रिकेटमधल्या क्षणांचे ‘डिजिटल संग्रह’ विकायची लाट आपल्याकडेही आली होती, आणि माझ्या हॉस्टेलच्या जुन्या ग्रुपवर निम्मे लोक त्यावर भाषणं देत होते. ब्लॉकचेन एवढंच करते की एकदा लिहिलेलं कोणाला गुपचूप बदलता येत नाही. पण पहिली नोंद खोटी असेल, तर ती खोटी नोंद कायमची जपली जाते. स्टंप मैदानातून उपटला जात असताना तिथे कोण उभं होतं, या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही सर्व्हरवर तयार होत नाही.

अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांना हे ठेच लागून कळलं. नव्वदच्या दशकात तिथल्या एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम काढून बनावट सह्यांच्या टोळ्या पकडल्या. टोनी ग्विन या खेळाडूला स्वतःच्या संघाच्या दुकानात स्वतःच्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या होत्या. मग २००१पासून त्यांच्या लीगने सामन्याच्या जागी एक साक्षीदार बसवायला सुरुवात केली. बहुतेक आजी-माजी पोलीस. चेंडू मैदानाबाहेर आला की त्या माणसाच्या डोळ्यांसमोर त्यावर क्रमांक चिकटतो आणि नोंद होते. नियम साधा : जे त्याने पाहिलं नाही, त्याला क्रमांक नाही, खेळाडू कितीही मोठा असो. माझ्या प्रमाणपत्रात जो कर्ता गायब आहे, तो या लोकांनी पगार देऊन नेमला.

*

आपल्याकडे हे का घडलं नाही? ‘आपण नोंदी ठेवत नाही’ हे नेहमीचं उत्तर अर्धंच आहे. क्रिकेटमध्ये धावांची नोंद जेवढ्या बारकाईने होते, तेवढी फार थोड्या खेळांत होत असेल. १९८३मध्ये टनब्रिज वेल्सला कपिल देवने झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद १७५ केल्या, त्याची चित्रफीत नाही. पण धावफलक आहे आणि तो डाव झाला याबद्दल कोणाला शंका नाही. नोंद आहे ती कृतीची. वस्तूची नाही.

याचं एक कारण खेळातच आहे. बेसबॉलमध्ये प्रेक्षकांत गेलेला चेंडू प्रेक्षकाचा होतो. क्रिकेटमध्ये तो परत द्यावा लागतो, कारण चेंडू किती जुना, किती खरबरीत, कोणत्या बाजूने चकाकता, यावर पुढचा खेळ अवलंबून असतो. त्यामुळे ‘मी पकडलेला चेंडू’ घरी नेऊन कपाटात ठेवणाऱ्या प्रेक्षकांची पिढी आपल्याकडे तयारच झाली नाही, आणि त्या चेंडूचा पुरावा मागणारा बाजारही उशिरा आला.

अपवाद शेवटच्या चेंडूचा. २ एप्रिल २०११ला वानखेडेवर धोनीने मारलेला विजयी षटकार देशाने जितक्यांदा पाहिलाय, तितका दुसरा कुठला फटका पाहिला नसेल. तो चेंडू परत मागायची गरज उरली नव्हती. त्या प्रेक्षकाचा आणि त्या खुर्चीचा विचार मुंबई क्रिकेट संघटनेत सुरू झाला तो २०२०मध्ये, धोनीने निवृत्ती घेतल्यावर. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याचा माग लावायला सुनील गावसकरांची मदत झाल्याच्या बातम्या आल्या, आणि एप्रिल २०२३मध्ये त्या जागेच्या स्मारकाचा कार्यक्रम धोनीच्याच हस्ते झाला. म्हणजे कोट्यवधी साक्षीदार असलेल्या घटनेचं ठिकाण पक्कं करायला बारा वर्षं लागली. त्यातही गंमत अशी की तेव्हाच्या नियमाप्रमाणे एकदिवसीय सामन्यात ३४ षटकांनंतर चेंडू बदलावा लागे, आणि त्याजागी नवा नव्हे, तर वापरलेलाच पण कमी मळलेला चेंडू दिला जाई. त्यामुळे सेहवाग आणि सचिन ज्या चेंडूंवर बाद झाले तो चेंडू वेगळा, आणि षटकार गेला तो वेगळा. ‘वर्ल्डकप फायनलचा चेंडू’ असं एखाद्या कागदावर लिहिलेलं दिसलं, तर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : कोणता?

आणि खुद्द धोनी. सामना जिंकला की तो एक स्टंप उपटून न्यायचा, हे आपण वर्षानुवर्षं पाहिलं. पुढे एलईडीचे महागडे स्टंप आले आणि ते नेण्यावर बंधन आलं. त्या जमवलेल्या स्टंपांबद्दल त्यानेच एकदा सांगितलं होतं की त्याने एकावरही खूण केलेली नाही. कोणता कोणत्या सामन्यातला ते त्याला माहीत नाही. निवृत्तीनंतर सगळ्या सामन्यांच्या चित्रफिती लावून, स्टंपवरचे जाहिरातींचे लोगो मोठे करून बघून, एकेक ओळखायचा त्याचा बेत होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. आता वाटतं, ज्याने स्वतःच्या हाताने स्टंप उपटला त्या माणसालाही माझ्यासारखंच लॅपटॉपसमोर बसून स्टिकर जुळवावे लागणार असतील, तर माझ्या विक्रेत्याच्या अनुक्रमांकाला काय अर्थ आहे? पेनाने चार शब्द लिहिलेला चिकटपट्टीचा तुकडा पुरला असता.

*

फेब्रुवारी २०२५मध्ये वाघनखं नागपूरला आली, आपल्या अजब बंगल्यात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून ती आधी साताऱ्याला आली होती. बाबांना घेऊन मी गेलो. ही वाघनखं ग्रँट डफला तो साताऱ्याला रेसिडेंट असताना मिळाली, आणि ती शिवाजी महाराजांनी वापरलेली आहेत, असा मजकूर त्यांच्या पेटीवर आहे. त्या संग्रहालयाने स्वतःच म्हटलेलं आहे की हीच ती वाघनखं, याची खात्री करता आलेली नाही. इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी त्यावरून प्रश्नही उभे केले. १६५९ आणि ग्रँट डफ यांच्यामध्ये दीडशे वर्षांहून मोठी रिकामी जागा आहे. रांगेतले बरेच लोक काचेसमोर हात जोडत होते.

मला त्यांची चेष्टा करायची नाही. पादुकांसाठी पालखी काढणारा आपला समाज आहे. आपण वस्तूला पुरावा म्हणून बघत नाही, निमित्त म्हणून बघतो. भक्ती आधीच असते, वस्तू तिला टेकायला जागा देते. त्यात खोटं काहीच नाही. खोटं सुरू होतं ते या भक्तीवर किमतीची चिठ्ठी लागते तेव्हा. पादुकांना कोणी अनुक्रमांक विचारत नाही, कारण त्या विकायच्या नसतात. माझ्या विक्रेत्याने मला भक्ताच्या भावनेची वस्तू बाजाराच्या दराने विकली, आणि मी प्रश्न विचारल्यावर पुराव्याची भाषा बोलणारा कागद पुढे केला. मीही विचारलं ते पैसे दिल्यावर. फसवणूक झालीच असेल, तर तीत माझा वाटा आहे. मला खरा स्टंप हवा होता असं मी म्हणतो. मला हवी होती ती समारंभात सांगायला एक गोष्ट, आणि ती मला मिळालेली होती.

याच्या उलट टोकाची एक वस्तू याच वर्षी जानेवारीत ऑस्ट्रेलियात लिलावाला आली : डॉन ब्रॅडमनची १९४७-४८च्या भारताविरुद्धच्या मालिकेतली टोपी. त्या काळी ऑस्ट्रेलियन खेळाडूंना कारकिर्दीला एक नव्हे, तर मालिकेगणिक नवी टोपी मिळे, त्यामुळे ‘ब्रॅडमनची टोपी’ म्हटल्यावर पुन्हा ‘कोणती?’ हा प्रश्न येतोच. ही त्याने भारतीय संघातल्या रंगा सोहोनींना भेट दिली होती. श्रीरंग वासुदेव सोहोनी, महाराष्ट्राचे अष्टपैलू खेळाडू, चार कसोटी सामने खेळलेले. आत दोघांचीही नावं. पंचाहत्तर वर्षं टोपी एकाच घरात राहिली, कुलुपात. घरातल्या मुलांनाही सोळावं लागल्यावर पाच मिनिटं बघायला मिळे, असं लिलावाच्या वेळी सांगण्यात आलं. ती ४ लाख ६० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरला गेली. इथे देणारा एक, घेणारा एक, घर एक, आणि मध्ये रिकामी जागा नाही. मला त्या किमतीपेक्षा ते पाच मिनिटांचं बंधन जास्त बोलकं वाटतं. प्रत्येक पिढीत एक नवा साक्षीदार तयार व्हायचा, आणि प्रत्येकाला ठाऊक असायचं की आपण काय पाहतोय.

*

२ मार्च २०२५ला जामठ्यावर विदर्भाने केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर रणजी करंडक तिसऱ्यांदा जिंकला. केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८वर बाद झाला आणि सामना फिरला. त्या डावातले चेंडू, त्या दिवसाचे स्टंप, यांचं महत्त्व आज तीस वर्षांनंतर कळेल, आणि तेव्हा कोणीतरी सोनेरी किनारीचा कागद छापेल. ते टाळायला ना ब्लॉकचेन लागते, ना पोलीस. सामनाधिकारी असतातच, स्कोअरर असतातच, चेंडू कधी बदलला हे पंचांना ठाऊक असतंच. दिवस संपल्यावर एका वहीत चार ओळी आणि प्रत्येक वस्तूला बांधलेली एक चिठ्ठी : कोणता डाव, कोणतं षटक ते कोणतं षटक, कोणासमोर उचलली, कोणाला दिली. खाली दोन माणसांची वाचता येईल अशी सही. भरवसा नंतर विकत घेता येत नाही. तो त्या संध्याकाळीच लिहून ठेवावा लागतो.

स्टंपबद्दल बाबांना मी महिनाभराने सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चार स्टंप, दोन स्टंप, स्टिकरची कड. मग म्हणाले, "अन् हे तू मला सांगितलं नसतं तर?" मी म्हटलं, तर तुम्ही लोकांना सांगत राहिला असता. "मग आता काय सांगू?"

प्रमाणपत्र आम्ही काढून टाकलं. त्याजागी स्टंपला सुतळीने एक पुठ्ठा बांधलाय, बाबांच्या अक्षरात : ‘मुलाने २०२५मध्ये २२,००० रुपयांना घेतला. विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार नोव्हेंबर २००८च्या नागपूर कसोटीतला. फोटोंत दिसणाऱ्या चार स्टंपांशी जुळत नाही. बाकी माहिती नाही.’ खाली आम्हा दोघांच्या सह्या आणि तारीख. घरी येणारे पाहुणे तो पुठ्ठा वाचतात आणि विचारतात की मग भिंतीवर कशाला लावलाय. बाबा त्यांना समोशाची गोष्ट सांगतात.